फुलीचं स्टेशन

जन्मात एकदाही घाई न केलेला आणि जन्मात एकदाही उशीर न झालेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. मेहकरच्या एस.टी. आगारात ते आधी वाहक होते, म्हणजे साध्या भाषेत कंडक्टर, आणि पुढे वाहतूक नियंत्रक झाले. बसस्थानकावर जाळीच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि माइकवरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाले त्या दिवशी लोकांनी त्यांना शाल आणि नारळ दिला, पण खिडकी काही त्यांच्या आतून निघाली नाही. आजही त्यांच्या घरात चहा चार वाजून बारा मिनिटांनी होतो. चार वाजता का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चारले सारे लोक चहा घेतात. गर्दी होते." त्या घरात चहा पिणारी माणसं दोन. जेवायला बसलो की स्वयंपाकघराच्या दारातून पुकारा यायचा, "भाकरी लागलेली आहे, भाजी पाच मिनटं उशिरानं धावून राह्यली, प्रवाशांनी नोंद घ्यावी." ताई आतून म्हणायची, "प्रवाशांनी आपलं ताट आपण घ्यावं." हे चाळीस वर्षं चाललं.

माझं सगळं याच्या उलट. मी बुलढाण्यात एका शाळेच्या कार्यालयात काम करते आणि याद्या करते. घरात लग्न असो, बारसं असो, कुणाचं ऑपरेशन असो, नातेवाईक आधी मला फोन करतात आणि मग डॉक्टरला किंवा गुरुजींना. माझ्या वहीत तीनच खुणा असतात. काम झालं की बरोबरची खूण, राहिलं की गोल, आणि रद्द झालं की फुली. या तीन खुणांवर मी दोन भाच्यांची लग्नं, एक वास्तुशांत आणि शाळेच्या सात तपासण्या पार पाडल्या आहेत. भाऊजी मला 'यादीबाई' म्हणतात. "यादीबाई आल्या, चपला लायनीत लावा," असं ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, आणि मी खरोखरच आधी चपला लायनीत लावत असे.

भाऊजींच्या मते जगात गाड्या दोन प्रकारच्या. एक विनाथांबा आणि दुसरी माणसांची. विनाथांबा गाडीवर त्यांचा इतका राग की आगारातल्या विनाथांबा गाड्या ते पुकारत, पण आवाज जरा पडलेला असे. "त्यातनं पार्सल जाते, माणूस नाई जात," असं त्यांचं मत. सगळ्यात वरचा मान मुक्कामी गाडीला. संध्याकाळी ती शेवटच्या गावाला जाते, रात्री तिथंच राहते आणि सकाळी लोकांना घेऊन परत येते. कंडक्टर असताना भाऊजी जानेफळची मुक्कामी मागून घ्यायचे. बाकीचे लोक ती टाळत. भाऊजींना मात्र जानेफळात कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई रुसला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, हे तिथल्या तलाठ्याच्या आधी ठाऊक असायचं. "गाव पाह्याचं असन तं गाडी मुक्कामी पाह्यजे," ते म्हणत. "नाई तं गाव तुमाले पाह्यते, तुमी गावाले नाई."

अशा माणसाच्या डोक्यात आल्प्स कसा शिरला, तर तो लोणारमार्गे शिरला. लोणारला सरोवर बघायला परदेशी लोक येतात, त्यातले काही दगडांचा अभ्यास करणारे असतात. अशीच एक गोरी बाई एकदा लोणारहून मेहकरला बसने आली आणि सीटवर एक जाड पुस्तक विसरून गेली. भाऊजींनी नियमाप्रमाणे नोंद केली, "एक पुस्तक, आतमध्ये फक्त आकडे." त्याला 'सापडलेली वस्तू' अशी चिठ्ठी बांधली आणि कपाटात ठेवलं. ठरलेली मुदत गेली, कुणी आलं नाही. मग साहेबांना विचारून ते त्यांनी घरी नेलं. ते आल्प्सच्या डोंगरातल्या रेल्वेचं वेळापत्रक होतं. भाषा जर्मन, गावांची नावं उच्चारता येणार नाहीत अशी, पण भाऊजींना त्याने काही अडलं नाही. वेळापत्रकाला भाषा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारी लोक पोथी वाचतात तसे ते पाट मांडून ते वाचायचे. मधेच हसायचे. एकदा मी विचारलं, "भाऊजी, काय वाचून राह्यले?" तर म्हणाले, "हे पाहा न. इकडून आलेली गाडी सात मिनटं थांबते, काऊन की तिकडून येणारीतल्या लोकायले चढाले भेटलं पाह्यजे. डोंगरात, बरफात. कोणीतरी बसून इचार केला असन न हा." त्यांचे डोळे पाणावले होते. आमच्या बुलढाणा गावाला रेल्वे नाही. रेल्वेच्या नुसत्या कागदावर इतका जीव लावणारा माणूस आमच्याकडेच निपजू शकतो.

त्या वेळापत्रकात एक कोडं होतं. काही स्टेशनांच्या नावापुढे बारीक फुली छापलेली होती. भाऊजींनी त्या फुलीवर दोन पावसाळे घालवले. मग एक दिवस आमच्या घरी आले आणि मी मोठ्या भाचीच्या लग्नाची यादी करत होते तिथे पुस्तक उघडून बसले. "हे पाहा. अलीकडलं टेशन नऊ बारा. पलीकडलं नऊ पंधरा. मधातलं फुलीवालं नऊ तेरा. दोन टेशनायच्या मधात तीनच मिनटं, त्यात गाडी थांबन कवा, निंघन कवा? म्हंजे गाडी तिथी रोज थांबतच नसन. कोणी म्हटलं तरच थांबत असन. सापडलं का? तिथीबी विनंती थांबा हाये."

विनंती थांबा म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला एक पाटी असते, बहुतेक वेळा गंजलेली. तिथे गाडी आपणहून थांबत नाही. खाली उभ्या असलेल्याने हात केला किंवा आत बसलेल्याने सांगितलं, की कंडक्टर दोरी ओढून एक घंटी देतो. मेहकरच्या अलीकडे, लोणारहून येणाऱ्या रस्त्यावर असाच एक फाटा आहे. आतल्या गावात ताई तरुणपणी शाळेत शिकवायची. रोज सकाळी तिच्या एकटीसाठी गाडी त्या फाट्यावर थांबायची आणि घंटी देणारा कंडक्टर कोण होता हे निराळं सांगायला नको. पुढे भाचीने फोनवर तिकडच्या गाड्यांचं चित्रीकरण शोधून दाखवलं. डब्यात दाराजवळ एक बटण असतं, ते दाबलं की दिवा लागतो आणि फुलीच्या स्टेशनावर अख्खी गाडी थांबते. भाऊजींनी ते इतक्या वेळा पाहिलं की भाचीने शेवटी फोन त्यांच्याकडेच ठेवला. "इतकी वर्सं लोकायसाठी घंटी वाजवली," ते म्हणाले. "एकदा माह्यासाठी गाडी थांबाले पाह्यजे. मी आन् तुही ताई. दोघंच उतरू. कामबिम काई नाई तिथी."

हे मी आज सगळं नीट सांगते आहे. तेव्हा मात्र मी हळदीचे पाट मोजत होते आणि "हो, हो," म्हणाले होते.

त्यानंतर भाऊजींची वही सुरू झाली. वही म्हणजे शाळेची शंभर पानी, वर 'डोंगर' असं लिहिलेलं. प्रवास तीन आठवड्यांचा, गावं तीनच, प्रत्येक गावात एक आठवडा मुक्काम. गाड्या साध्या, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या, खिडकीची काच खाली होणाऱ्या. काचेच्या छताची, मोठ्या खिडक्यांची प्रसिद्ध गाडी असते, ती त्यांनी पहिल्या पानावरच काढून टाकली. कारण तिला आरक्षण लागतं आणि तिची काच उघडत नाही. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, मन झालं की बसायचं, मन झालं की उतरायचं, हे ते मला आनंदाने सांगत होते आणि मी वहीत 'आरक्षण' लिहून त्यापुढे गोल करत होते. परक्या मुलखात, परक्या भाषेत, आरक्षणाशिवाय. मी शेगावलासुद्धा आरक्षणाशिवाय गेलेली नाही.

तिकडच्या गावांची नावं जिभेवर बसेनात म्हणून भाऊजींनी ती बदलून टाकली. जिथे गाड्या जुळतात ते मोठं स्टेशन म्हणजे मेहकर. तळ्याकाठचं गाव ते लोणार. रेल्वेच्या शेवटच्या टोकाचं ते जानेफळ. आणि मेहकर-लोणारच्या मधलं, फुली असलेलं, दोन घरं आणि एक गोठा एवढीच वस्ती असलेलं स्टेशन, तो फाटा. घरात बोलणी अशी चालायची, "लोणारहून सव्वानऊची पकडू, फाट्यावर उतरू, दोन घंटे बसू, मंग मागची गाडी हात करून मेहकर." पाहुण्यांना वाटायचं, ही मंडळी उद्याच कुठे सोयरिकीला निघाली आहेत. एकदा शेजारच्या काकूंनी लोणारहून येताना दही आणायला डबासुद्धा दिला होता.

संथ प्रवासाची सवय हवी म्हणून त्यांनी रंगीत तालीमही केली. ताईला घेऊन खऱ्या लोणारला गेले आणि तीन दिवस राहिले. मेहकरहून लोणार किती, तर बसने तासाभराचं. तिथल्या चहावाल्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, "काका, कोनाकडं आले?" "कोनाकडंच नाई." "मंग काऊन थांबले?" "थांबाले," भाऊजी म्हणाले. ताईने त्या तीन दिवसांत एक स्वेटर विणला. ती म्हणाली की तिला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं आणि इतकं कंटाळवाणंही.

मग व्हिसाची वेळ आली आणि प्रकरण माझ्या हातात आलं. कुणी माझ्या हातात दिलं नाही, मीच घेतलं. व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम, रोजच्या मुक्कामाचा पत्ता, सगळं टाइप करून लागतं. 'डोंगर' वहीतली पानं पाहून मी म्हटलं, हे असं दिलं तर ही दोघं घराबाहेर पडणार नाहीत. ताईचे गुडघे दुखत होते, दोघांनाच पाठवायचं माझ्या जिवाला पटेना, म्हणून मीही बरोबर जायचं ठरवलं. मला सुट्टी मिळाली बारा दिवसांची. तेव्हा तीन आठवड्यांचे झाले अकरा दिवस. एवढ्या लांब जायचं आणि तीनच गावं पाहायची हे काही मला रुचलं नाही, तेव्हा तीन गावांची झाली सात. सात गावं अकरा दिवसांत बसवायची तर साध्या गाड्या परवडत नाहीत, तेव्हा त्या झाल्या जलद. आणि एवढं केलंच आहे तर काचेच्या छताची गाडी काय म्हणून सोडायची, म्हणून तिचंही आरक्षण केलं. प्रत्येक पायरी बरोबर होती. आजही मी त्या पायऱ्या एकेक करून तपासते तेव्हा मला चूक सापडत नाही.

भाऊजींना मी फोनवर सांगितलं. सात गावं ना, एवढंच त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "चालते. तुमाले समजते त्यातलं. तेवढा फाटा ठेवजा म्हंजे झालं."

"ठेवला न भाऊजी," मी म्हटलं.

आणि मी खरंच ठेवला. त्यांच्या त्या बदललेल्या नावांकडे मी कधी नीट लक्ष दिलं नव्हतं, तेव्हा माझ्या मनात फाटा म्हणजे आपला फाटा, मेहकरच्या अलीकडचा. तिथे झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. मला वाटलं, एवढा मोठा प्रवास, भाऊजींनी काही नवस बोलला असेल, परत येताना तिथे उतरून नारळ फोडायचा असेल. मुंबईहून येताना ठरवलेल्या गाडीच्या कागदावर मी लिहिलं, "परतताना फाटा, दहा मिनिटं, नारळ." नारळ जालन्यात घ्यायचा हेही लिहिलं.

मग मी भाऊजींच्या वहीवरून पक्का कार्यक्रम उतरवायला घेतला. त्यांच्या वहीत एका ओळीच्या पुढे मोठी लाल फुली होती, दोनदा गिरवलेली. शेजारी स्टेशनाचं जर्मन नाव, छापल्यासारख्या अक्षरांत. मुक्कामाचा पत्ता नाही, पाहण्यासारखं काही लिहिलेलं नाही. माझ्या वहीत फुली म्हणजे रद्द. ही तर दोनदा गिरवलेली, म्हणजे भाऊजींनी स्वतःच विचार करून काढून टाकलेली. मी ती ओळ सोडून पुढची उतरवली. मला बरंही वाटलं, की चला, यांनाही थोडी शिस्त लागली.

निघायच्या दोन दिवस आधी मी टाइप केलेला कागद त्यांच्या हातात दिला, तिघांसाठी तीन प्रती, प्लास्टिकच्या पाकिटात. भाऊजींनी खिशातली पेन्सिल काढली आणि वाचायला लागले. आयुष्यभर हजारो वेळापत्रकं तपासलेला माणूस, एकेका ओळीखाली पेन्सिल सरकत होती. एका ठिकाणी ती थांबली. लोणार ते मेहकर, एक्केचाळीस मिनिटं. साध्या गाडीला तिथे अठ्ठावन्न लागत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना पाठ होतं. ते ताईच्या गुडघ्यांकडे बघून राहिले. मग पेन्सिल खिशात ठेवली.

"ठीक हाये," म्हणाले. "अक्षर बाकी सुंदर हाये तुमचं."

ते टाइप केलेलं होतं.

प्रवास छान झाला. असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खोटं नाही. सात गावं झाली, एकही गाडी चुकली नाही, एकही बॅग हरवली नाही, फोटो चारशेच्या वर. भाऊजी प्रत्येक फलाटावर गाडी आली की मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि मान डोलवायचे. एकदा गाडी एक मिनिट उशिरा आली तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं की म्हणाले, "मले वाटलं हे लोक माणसं नाईत." एका स्टेशनावर शिट्टीवाल्या गार्डबाईंना त्यांनी आपलं आगाराचं जुनं ओळखपत्र दाखवलं. त्या बाईंनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि टोपीला हात लावून सलाम केला. भाऊजींनीही केला. भाषा दोघांनाही लागली नाही. पण मी मागून "भाऊजी, चला, चार मिनिटं राहिली," म्हणत होते. प्रत्येक ठिकाणी मी काहीतरी म्हणत होते, आणि त्यात कुठली तरी मिनिटं असायची.

सातव्या दिवशी आम्ही तळ्याच्या गावाहून मोठ्या स्टेशनाला निघालो, काचेच्या छताच्या गाडीने. छत खरंच काचेचं होतं. ताई म्हणाली, "अगं, इथी तं ऊन लागून राह्यलं." मी पुढच्या गाडीचा फलाट क्रमांक शोधत होते. वीसेक मिनिटं झाली असतील, भाऊजी उठले. त्यांनी टोपी घातली, बॅग खांद्याला अडकवली आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"बसा न भाऊजी," मी म्हटलं. "उतराले अजून टाइम हाये."

"बसतो. पाय मोकळे करून राह्यलो."

ते दाराच्या काचेला अगदी लागून उभे होते. गाडी एका वळणावर झुकली, बाहेर काहीतरी भुर्रकन गेलं, एक छप्पर, एक पाटी. ते आणखी मिनिटभर तसेच उभे राहिले. मग आले, बॅग वर ठेवली, टोपी काढून मांडीवर घेतली आणि बसले. ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मला ते प्रेमळ वाटलं आणि मी त्याचा फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. मी तो कुणाला दाखवत नाही.

परत येताना मुंबईची गाडी, रस्त्यात जालन्याला नारळ, सगळं ठरल्याप्रमाणे. सकाळी आठच्या सुमाराला आपल्या फाट्यावर मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि मागे वळून मोठ्या ऐटीत म्हटलं, "घ्या भाऊजी. तुमचा फाटा. ठेवतो म्हटलं होतं न? आन् हा नारळ."

भाऊजींनी नारळाकडे पाहिलं. मग बाहेर, गंजलेल्या पाटीकडे. मग माझ्याकडे. आणि मग ते हसायला लागले. पाच दिवसांत पहिल्यांदा हसले आणि असे हसले की डोळे पुसायला टोपी घ्यावी लागली. ताईसुद्धा आधी हसली, मग गप्प झाली. "काय झालं?" मी विचारत राहिले. "काई नाई, काई नाई," ते म्हणाले. "मले वाटलं तुमी मुद्दाम काढला." मला काही समजलं नाही. ते खाली उतरले, नारळ फोडला, ड्रायव्हरला आधी खोबरं दिलं आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत आले.

मला कळलं आठवड्याने. कागदपत्रं लावून ठेवायची म्हणून मी मेहकरला गेले आणि 'डोंगर' वही फाइलला लावत होते. लाल फुलीच्या पानावर बोट ठेवून मी ताईला म्हटलं, "हे बरं केलं, भाऊजींनी स्वतःच काढलं."

ताई शेंगा सोलत होती. "अगं, ते काढलेलं नाई," ती म्हणाली. "फुली म्हंजे विनंती थांबा. तोच तं फाटा."

मी वही फाइलमधून पुन्हा बाहेर काढली. तीच पुढे म्हणाली, "त्याईले वाटलं, माह्या गुडघ्यायसाठी तू तो काढला. तिथी पायऱ्या असतीन म्हणून. म्हणून बोलले नाईत ते." तिने शेंगांचं सूप झटकलं. "एक डाव इचारलं असतं तर बरं होतं."

कुणी विचारलं असतं तर, हे तिने सांगितलं नाही. मीही ते विचारलं नाही.

मी भाऊजींना म्हटलं की आपण परत जाऊ, तुमच्या वहीप्रमाणे, मी नाही येत, तुम्ही दोघंच. ते म्हणाले, "पाह्यलं न आता." त्याच्या पुढच्या महिन्यात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नंतर भाऊजींच्या छातीचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. भाऊजींनी ते जाड वेळापत्रक पुन्हा कागदात बांधलं आणि त्याला नवी चिठ्ठी लावली, 'सापडलेली वस्तू'. चार बाराचा चहा तेवढा चालू आहे. पुकारा बंद झाला. ताई म्हणते, घरात कसं सुनं सुनं वाटतं, गाड्या सगळ्या रद्द झाल्यासारखं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं लोणारला एका लग्नाला गेलो होतो. परत येताना बस अर्धी रिकामी होती. फाटा जवळ आला तसं मी घड्याळात पाहिलं. माझ्या वहीत त्या दिवशी पाच वाजता बुलढाण्याला पोचणं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे तीन कामं. मी उठले, कंडक्टरला म्हटलं, "फाट्यावर थांबवा."

"कोन उतरून राह्यलं? तिथी तं कोनी नाई," तो म्हणाला.

"आम्ही तिघं."

त्याने एक घंटी दिली. भाऊजींनी चमकून वर पाहिलं. ती घंटी ऐकल्यावर त्यांचा हात आपोआप दोरीकडे गेला होता. आम्ही उतरलो. गाडी गेली. तूर फुलावर होती, पाटीवरची अक्षरं अर्धी गेली होती, शेंदराच्या दगडावर कुणीतरी फूल ठेवलं होतं. ताई दगडाच्या कट्ट्यावर पाय लांब करून बसली.

"अठी काय काम हाये?" भाऊजींनी विचारलं.

"काई नाई," मी म्हटलं. "बसाचं."

ते बसले. झाडाची सावली कट्ट्यावरून सरकली. मग वळणावर धूळ दिसली, गाडी आली. मी सवयीने उठून हात केला. ड्रायव्हरने वेग कमी केला. पण भाऊजींनी बसल्या बसल्याच त्याला हाताने पुढे जायची खूण केली, जाऊ द्या. कंडक्टर दारातून वाकून बघत होता. दोन घंट्या झाल्या आणि गाडी निघून गेली.

"दुसरी हाये," भाऊजी म्हणाले. "पन्नास मिनटानं."

मी पुन्हा बसले. पर्समध्ये वही होती, ती काढली नाही.

"तिथी एक बाकडं होतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, तुरीच्या रानाकडे बघून. "हिरवं. दोन माणसायचं. मांगं लाकडाची ढिगी होती, नीट रचलेली."

"तुमाले दिसलं होतं?"

"हाव न. जराकसं." त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "तुमी तवा फलाट शोधून राह्यल्या होत्या."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते, एखाद्या गाडीची वेळ सांगावी तसं. ताईने शालीतून उरलेले लग्नाचे लाडू काढले आणि तिघांना एकेक दिला. आम्ही तिथे बसून ते खाल्ले. पन्नास मिनिटांची गाडी त्या दिवशी एक तास वीस मिनिटांनी आली, आणि ती आल्यावर भाऊजी उठले, रस्त्याच्या कडेला गेले आणि त्यांनी स्वतः हात केला.